थोरली

अंबुबाई राहायच्या पाचव्या मजल्यावर, पण कुणी विचारलं तर सांगायच्या, "आमी मळ्यात ऱ्हातो." ते काही अगदीच खोटं नव्हतं. चऱ्होलीतल्या ज्या जमिनीवर आता चार इमारती उभ्या होत्या, ती जमीन त्यांच्याच घरची. तिथं त्यांनी जन्मभर कांदा लावला होता, भुईमूग उपटला होता, पाटाच्या पाण्यात उभं राहून लसूण निंदला होता. मग नवरा, सोनबा, गेला, आणि मुलानं, रणजीतनं, जमीन बिल्डरला दिली. बदल्यात फ्लॅट मिळाले. सोसायटीला काहीतरी इंग्रजी नाव होतं, ते अंबुबाईंच्या जिभेवर कधी बसलं नाही. गॅलरीत उभं राहिलं की त्यांना इमारतींच्या खालचा मळा दिसायचा. झोपाळे होते तिथं खळं. लिफ्ट होती तिथं गोठा. आणि पार्किंगच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात, जिथं रोज पाण्याचा टँकर उभा राहायचा, तिथं विहीर.

विहीर बिल्डरनं डबर टाकून बुजवली होती आणि वर पेव्हिंग ब्लॉक बसवले होते. हे रणजीतला ठाऊक होतं. बाकी सोसायटीला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारणार तरी कोण? दोन-चार जुनी घरं सोडली तर सगळे बाहेरून आलेले. लातूर, बीड, जळगाव, रत्नागिरी. बहुतेकांची पोरं चाकणच्या कंपन्यांत. कुणाची पहिली शिफ्ट, कुणाची रात्रपाळी; पहाटे एक बस माणसं घेऊन जायची आणि दुसरी आणून सोडायची. शेजारी राहून एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. वर्षातून एक दिवस मात्र सगळे घरात सापडायचे, तो एक मेचा. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला, त्यामुळे कंपन्यांना टाळं. त्या दिवशी सोसायटीत सकाळी झेंडावंदन, मग पोरांचे खेळ आणि दुपारी सगळ्यांची एकत्र पंगत, असा रिवाज पडला होता.

या वर्षी उन्हाळा फार कडक होता. बोअर मार्चमध्येच आटल्या होत्या. टँकर दिवसातून दोनदा यायचा, त्याची नळी गळायची, आणि पश्चिमेचा कोपरा रोज ओला व्हायचा. ते पाणी तासाभरात कुठं मुरायचं याचा विचार कुणी केला नव्हता.

सकाळी झेंड्याची दोरी अंबुबाईंच्या हातात दिली. सेक्रेटरी निरंजन म्हणाला, "आजी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. मान तुमचा." त्यांनी दोरी ओढली, झेंडा उलगडला, फुलं डोक्यावर पडली. टाळ्या झाल्या. अंबुबाईंना बरं वाटलं. मग ऊन चढायला लागलं तशा त्या गोळी घ्यायला आणि इस्त्रीचं पातळ बदलायला वर गेल्या.

त्या खाली आल्या तेव्हा क्लबहाउसच्या ओसरीवर बायका पुऱ्या लाटत बसल्या होत्या. त्यांत यशोदाबाई होत्या. औशाकडच्या. मुलगा सुजित चाकणला नोकरीला लागल्यावर त्याच्या मागोमाग आलेल्या. दुपारी दुपारी अंबुबाईंपाशी येऊन बसायच्या, त्यामुळे दोघींचं जमायचं.

"अंबूआक्का," यशोदाबाई म्हणाल्या, "तुमच्या थोरल्या लई कामाच्या बघा. बोलत बोलत परातभर पुऱ्या लाटल्या की हो."

"कोन थोरली?"

"तुमची बहीण की. आत्ता हितं बसल्या होत्या. मी इचारलं, कुण्या गावच्या पाव्हण्या? तर म्हणल्या, मी अंबूची थोरली."

"मला बहीन न्हाई, यशोदाबाई."

"मग चुलत असतील." यशोदाबाई हसल्या. "चेष्टेखोर हायत मात्र. थोरली म्हणून सांगायल्यात आणि बाई तुमच्या नातीच्या वयाची. डोक्यात एक केस पांढरा नाही. हिरवं लुगडं, हातभर काचेच्या बांगड्या. आजकाल कोण नेसतंय तसलं लुगडं? मला वाटलं, पोरींनी कार्यक्रमासाठी नेसवलं असंल."

अंबुबाईंनी परातीत पाहिलं. वरच्या पुऱ्या इतरांसारख्याच होत्या. खालच्या थरात मात्र प्रत्येक पुरीच्या मधोमध अंगठ्याचा खोल ठसा होता. त्यांच्या सासरी देवाच्या पुऱ्या तशा करायचे, फुगू नयेत म्हणून. सासूनं त्यांना तसं शिकवलं होतं. सासू गेल्याला तीस वर्षं तरी झाली असतील, आणि गॅसवर टम्म फुगलेली पुरी खाणाऱ्या सुनांना ते शिकवायला अंबुबाई कधी गेल्या नव्हत्या.

"गेली कुठं ती?"

"मीठ बघते म्हणल्या. एवढ्या उन्हाच्या आल्या म्हणून पाणी दिलं, तर तांब्याला हात लावला नाही. म्हणल्या, पानी नको बाई, लई प्याले."

यशोदाबाई पुढं काहीतरी बोलत राहिल्या. अंबुबाईंना ते ऐकू आलं नाही. त्यांचा हात गळ्याशी गेला होता.

सोनबाला अंबुबाई दुसरेपणावर दिलेल्या होत्या. पहिली बायको छबू. ती या घरात दोन उन्हाळे नांदली. दुसऱ्या उन्हाळ्यात भर दुपारी पाणी शेंदताना विहिरीचा काठ ढासळला आणि काठाबरोबर ती आत गेली. मळ्यात तेव्हा कुणी नव्हतं. संध्याकाळी माणसं घरी आली तेव्हा तिची घागर तेवढी वर होती. अंबुबाईंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. तिचा फोटो नव्हता, तिला मूल नव्हतं. पण लग्नात सासूनं अंबुबाईंच्या काळ्या मण्यांत एक चांदीचा टाक ओवला, नखाएवढा, आणि सांगितलं, "ही थोरली. लुगडं आलं तर आधी हिला दाखवायचं. सण आला तर आधी हिचं ताट, मग तुझं." पंधरा वर्षांच्या अंबूनं मान हलवली. आणि पुढं ते पाळलं. सणाचं ताट विहिरीवर न्यायचं, काठावर ठेवायचं, पाठ फिरवून उभं राहायचं. जेवणाऱ्याकडं बघू नये. घरात सगळे तिला थोरलीच म्हणायचे. सोनबा तेवढा तिचं नाव कधी घ्यायचा नाही. इमारती झाल्यावरही अंबुबाई काही दिवस पार्किंगच्या कोपऱ्यात ताट ठेवत राहिल्या. मग कुत्री येतात, घाण होते अशी तक्रार झाली. रणजीत म्हणाला, आई, लोक हसतात. तेव्हापासून ते ताट देवघरातच दाखवायचं असं ठरलं.

सवतीचा टाक होता जागेवर. उन्हानं सगळं अंग तापलेलं असताना तो तेवढा बोटांना गार लागला.

त्या ओसरीवरून उतरल्या आणि मिठाच्या पोत्याकडं गेल्या. तिथं आचारी होता. "आत्ताच गेल्या त्या बाई," तो म्हणाला. "भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. चाखली नाही, नुसता वास घेतला. कमीच होतं." त्यानं बोट दाखवलं त्या बाजूला अंबुबाई गेल्या. तिथं मुलींचा लिंबू-चमचा चालला होता. एक मुलगी म्हणाली, "आजी, तुमची बहीण इकडून गेली." पुढं वॉचमन होता. त्यानंही पाहिलं होतं. प्रत्येकाशी ती दोन शब्द बोलली होती, आणि प्रत्येक ठिकाणी अंबुबाई पोचायच्या आत उठून गेलेली. गावातली जी दोन-चार जुनी घरं सोसायटीत होती, त्यांना ती लातूरकडच्या कुणाची तरी सून वाटली होती. लातूर-बीडवाल्यांना ती अंबुबाईंच्या माहेरची वाटली होती.

भर गर्दीत, लाउडस्पीकर चालू असताना, जिलबीच्या वासात अंबुबाईंच्या पाठीवर काटा आला. रात्रीचं भ्यायची त्यांना सवय होती. दुपारचं भ्यायला त्यांना माणसांत जागा सापडेना.

पार्किंगमध्ये वेगळाच घोळ चालला होता. पंगत पश्चिमेच्या कोपऱ्यात बसायची होती, कारण ऊन जरा कललं की इमारतीची सावली आधी तिथंच येते. पण सुजितनं आणि पोरांनी सतरंज्या उचलून पार दुसऱ्या टोकाला, झोपाळ्यांपाशी, अर्ध्या उन्हात अंथरल्या होत्या. निरंजन त्याच्यावर चिडला होता.

"अरे, म्हातारी माणसं उन्हात बसवणार का?"

"मला काय माहीत, निरंजनदादा," सुजित म्हणाला. "अंबूआजींच्या बहिणीनं सांगितलं. म्हणाल्या, हितं बसू नगा, भुई पोकळ हाय. इतक्या ठामपणे म्हणाल्या की आम्ही उचललं. मला वाटलं, तुम्हाला विचारून आल्यात."

"पोकळ म्हणजे? खाली काय बेसमेंट आहे का? हलवा परत."

अंबुबाई मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"हलवायचं न्हाई. पंगत तितंच बसंल."

"आजी, ऊन..."

"ऊन लागू दे. हितं आमची हीर हाय."

निरंजननं रणजीतकडं पाहिलं. रणजीत खाली बघत होता. "होती," तो पुटपुटला. "बुजवलीय केव्हाच. कागदावर सगळं क्लिअर आहे."

"बुजवली म्हंजी गेली न्हाई," अंबुबाई म्हणाल्या. "ती हितंच हाय. तो टँकर काढा आधी. आनि ती लेकरं."

कोपऱ्यात संगीत खुर्ची चालली होती. दहा-बारा पोरं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांभोवती फिरत होती. अंबुबाई स्वतः गेल्या, एकेकाला दंडाला धरून बाहेर काढलं. एक मुलगा रडायला लागला, कारण तोच जिंकत होता. लोक एकमेकांकडं बघू लागले. म्हातारीला ऊन लागलं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. टँकरवाल्याला उशीर होतच होता. तो गाडी घेऊन निघून गेला. चाकं जिथून उठली तिथं ब्लॉक खाली दबलेले होते, पण तसे ते रोजच दबायचे. कोपऱ्यात खुर्च्या आणि लिंबूसरबताचं पिंप तेवढं राहिलं. ते आणायला सुजित निघाला तेव्हा अंबुबाईंनी त्याचा शर्ट मागून धरला आणि सोडला नाही.

पंगत झोपाळ्यांपाशी बसली. घामानं निथळत माणसं जेवू लागली. मसालेभात फिरला, मठ्ठा फिरला. बाराचं ऊन इतकं सरळ पडलं होतं की कुणाचीच सावली अंगाबाहेर नव्हती.

दुसऱ्यांदा पुऱ्या वाढत असताना ते झालं. मोठा आवाज झाला नाही. दमलेली म्हैस बसते तसा एक जड सुस्कारा जमिनीतून आला. पश्चिमेच्या कोपऱ्यातले ब्लॉक आधी थोडे कलले, एकमेकांवर चढले, आणि मग गोलच्या गोल तुकडा खाली गेला. सरबताचं पिंप गेलं, सहा-सात खुर्च्या गेल्या. धूळ उठली आणि तशीच हवेत उभी राहिली. त्यानंतर बऱ्याच वेळानं खालून पाण्याचा आवाज आला.

संगीत खुर्चीतला तो मुलगा आईच्या मांडीवर जाऊन बसला. लाउडस्पीकर आपला चालूच होता, तो कुणीतरी बंद केला.

थोड्या वेळानं सुजित आणि दोघं-तिघं लांबून डोकावून आले. खाली घडीव दगडांची गोल भिंत तशीच्या तशी आहे म्हणाले, आणि डबराच्या फटींतून काळंभोर पाणी दिसतंय. एवढ्या लांबूनही पंगतीला तिथली गार हवा लागत होती. शेवाळ्याचा वास होता तिला.

"त्या बाई कुठं आहेत?" निरंजननं विचारलं. "अंबूआजींच्या बहीण. त्यांना कसं कळलं?"

मग सगळेच शोधू लागले. पंगतीत ती नव्हती. ओसरीवर नव्हती. वॉचमन म्हणाला, गेटबाहेर कुणी गेलं नाही. यशोदाबाईंनी अंबुबाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांच्या हातातली पुरी तशीच राहिली. तेवढ्यात अंबुबाईंची सून तनुजा ताटं घेऊन आली. ती एवढा वेळ स्वयंपाकाच्या बाजूला होती.

"मावशींना शोधताय का?" ती म्हणाली. "त्या वर आहेत, आपल्या घरी. मला विचारलं, अंबू कितव्या मजल्यावर ऱ्हाते? दमलेल्या दिसल्या, म्हणून मी किल्ली दिली. म्हटलं, आईंच्या खोलीत पडा जरा."

रणजीत उठला. आईनं त्याला खाली बसवलं.

"तू जेव."

"आई, कोण आहे ते बघायला नको का?"

"बाईमानसाकडं बाई जाईल," अंबुबाई म्हणाल्या. त्यांनी एक ताट घेतलं. पुऱ्या अंगठ्याच्या ठशाच्या निवडून घेतल्या. भात, भाजी, जिलबी. डावीकडं मीठ, लिंबू. पाणी घेतलं नाही.

खड्डा पडल्यावर कुणीतरी मेन स्विच पाडला होता, त्यामुळं लिफ्ट बंद होती. पाच मजले त्या ताट सांभाळत चढल्या. प्रत्येक मजल्यावर दारं बंद, सगळी माणसं खाली. जिन्याच्या भिंती उन्हानं तापल्या होत्या. तिसऱ्या मजल्यापर्यंत त्यांना आपलाच श्वास ऐकू येत होता. चौथ्यापासून पुढं गारवा लागला. पावलागणिक वाढत गेला. त्यांना एकदा वाटलं, परत फिरावं. खाली यशोदाबाई आहेत, पोरं आहेत. पण ताट वाढलेलं होतं, आणि वाढलेलं ताट माघारी नेलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. किल्ली आत खुंटीला टांगलेली. तनुजा कधी तिथं टांगायची नाही, ती फ्रिजवर फेकायची. बाहेरच्या लखलखाटातून आल्यामुळं घरात अंधार दाटल्यासारखा होता. खोलीचा पडदा ओढलेला. वीज नव्हती, पंखा बंद, तरीही खोली गार होती, विहिरीच्या तोंडाशी भर दुपारी असते तशी.

अंबुबाईंनी पलंगाकडं पाहिलं नाही. त्यांनी ताट जमिनीवर ठेवलं, पुढ्यात पाट सरकवला आणि पाठ फिरवून भिंतीशी बसल्या. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "बाई, जेवा. उशीर झाला."

बराच वेळ काहीच नव्हतं. मग मागं काचेच्या बांगड्या हलकेच वाजल्या.

अंबुबाईंनी डोळे मिटून घेतले. काहीतरी बोलायला हवं होतं, नुसतं बसून राहणं त्यांना सोसेना. काय बोलावं कळेना, म्हणून जे तोंडात आलं ते बोलल्या. ते सोनबाचं निघालं. म्हणाल्या, त्यांना दमा लागला होता शेवटी. थंडीत फार धाप लागायची. केस लवकर पिकले, दात मात्र पक्के होते, उसाचं कांडं सोलायचे म्हातारपणीही. तुमचं नाव घ्यायचे न्हाईत. पण भर उन्हाळ्यात दुपारी कदी हिरीवर गेले न्हाईत, जन्मात. मला बी जाऊ द्यायचे न्हाईत. म्हणायचे, ऊन कललं की पानी मी आनतो, तू घरात ऱ्हा.

मागं बांगड्या थांबल्या.

"मला वाटायचं, मानूस मायाळू हाय म्हनून," अंबुबाई म्हणाल्या. "मायाळू व्हतेच. पर ती माया तुमची व्हती. माज्या वाट्याला आली."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. मग त्या सांगतच राहिल्या. रणजीतच्या जन्माचं सांगितलं, मधल्या दोन गेलेल्या लेकरांचं सांगितलं, मळा विकला त्या दिवसाचं सांगितलं. भीती कधी गेली हे त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा गेली नसेलही. तिच्यासकट त्या बोलत होत्या.

वीज आली, पंखा फिरला, तेव्हा ऊन कललं होतं. त्यांनी मागं पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं. ताटातलं सगळं होतं तसंच होतं. अंबुबाईंनी जिलबीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. त्याला गोडी नव्हती. भाजीला मीठ नव्हतं, लिंबाला आंबटपणा नव्हता. सगळ्या ताटाची चव गेली होती. तनुजानं नंतर चाखून पाहिलं आणि ताट गाईला घातलं.

पुढं अग्निशमनवाले आले, पट्ट्या लावून गेले. बिल्डरची माणसं आली, पुन्हा डबर टाकून देतो म्हणाली. सोसायटीच्या मीटिंगला अंबुबाई कधी जात नसत, त्या दिवशी गेल्या आणि नको म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं लोक हसतील. पण जे जे त्या बाईशी दोन शब्द बोलले होते, ते सगळे गप्प राहिले. निरंजननंच ठराव मांडला. डबर उपसलं, दगडी कठडा बांधला, वर जाळी टाकली. पाणी वापरायचं का यावर मात्र एकमत झालं नाही. ते तसंच आहे. टँकर दुसऱ्या गेटनं येतो.

यशोदाबाई दुपारी बसायला यायच्या, त्या आठ-पंधरा दिवस आल्या नाहीत. मग एकदा आल्या, दाराशीच थांबून म्हणाल्या, "आक्का, एकट्याच हाव नव्हं?" अंबुबाई हसल्या, त्यांना आत बोलावलं आणि आपल्या शेजारची जागा सोडून पलीकडं बसवलं.

रणजीतनं फार दिवस विषय काढला नाही. एका रविवारी आई पलंगाच्या एका कडेला अंग चोरून झोपलेली त्याला दिसली. बाकी पलंग मोकळा.

"आई," त्यानं विचारलं, "ती गेली ना?"

"जाईल कुटं?" अंबुबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "घर तिचंच हाय. मी मागनं आले."

त्यानंतर रणजीत आईच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवतो. आणि आतून आईचा आवाज आला तरी क्षणभर थांबतो.